खेळातील श्रम, घरातील श्रम
२००४ साली अमेरिकेत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ आला. त्यात मुले तासन्‌तास खनिजे खणतात, मासे धरतात. घरचे काम मात्र टाळतात. आम्हांस याचे कारण उघड दिसते. तेथे प्रत्येक श्रमाची तत्काळ नोंद होते आणि व्यवसाय स्वतः निवडता येतो. १९५८ च्या कायद्याने वतने संपेपर्यंत गावकीत राबणाऱ्या आपल्या वाडवडिलांना या दोन्ही गोष्टी नाकारल्या गेल्या होत्या.

खेळणारे प्रत्येक मूल रोगी नव्हे. २०२२ पासून लागू असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार खेळावरील ताबा सुटून अभ्यास, कुटुंब वा काम साधारणतः १२ महिने गंभीरपणे विस्कटले, तरच तो विकार ठरतो. म्हणून बंधुभगिनींनो, सरसकट बंदीपूर्वी मुलांना घरात निवडीचे काम द्या आणि त्याची कदर करा.