ईदनंतरची सफ

रमजानच्या अखेरच्या जुम्याला नांदेडच्या जुन्या वस्तीतील किंवा लातूरच्या गंजगोलाईलगतच्या ज्या मशिदींत पाय ठेवावयास जागा उरत नाही, तेथेच शव्वालचा चंद्र दिसून आठवडा लोटतो न लोटतो तोच फजरच्या नमाजाला जेमतेम एक सफ, म्हणजे नमाजींची ओळ, भरते, आणि तीतही बहुधा पेन्शनीत गेलेले वृद्धच असतात, हे दृश्य मला धर्मऱ्हासापेक्षा मनुष्यस्वभावाचे द्योतक वाटते. (आषाढी उलटल्यावर हरिपाठ किती घरांत टिकतो?) हा स्वभाव ओळखूनच की काय, शव्वालात 6 ऐच्छिक रोजे सांगितले आहेत; एका सत्कृत्याचे दहापट फळ या हिशेबाने रमजानचे 30 आणि हे 6 मिळून पुरते वर्ष भरते. अल्प परंतु अखंड कर्म ईश्वरास अधिक प्रिय, हे हजरत आएशांनी कथन केलेले पैगंबरवचन तर सर्वश्रुतच आहे. म्हणून मोंढ्यात दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालास, त्याचा रमजानातल्या रात्रीच्या तरावीह नमाजाचा उत्साह ओसरला म्हणून मिंबरावरून ताशेरे ऐकविण्यापेक्षा, पाच फर्ज नमाजांखेरीज रोज कुराणाचे एकच पान वाचण्याचा परिपाठ त्यास सुचवावा. तेवढे पान तो मोंढा उघडण्यापूर्वी, चहा उकळेपर्यंत, खचित वाचील.