भट्टीपुढच्या माणसाचं मीठ

कासारसाई धरणाच्या काठावर शनिवार-रविवारी हिंजवडी, पिंपरी-चिंचवडची गर्दी लोटते. अशा दिवशी संध्याकाळपासून तंदूरपुढे उभा असलेला रोटीवाला रात्री अकराला जरा टेकतो आणि नेमका तेव्हाच त्याच्या पोटरीत गोळा येतो. पाय सरळ होत नाही. कुणाची चिमटा धरलेली बोटं आखडतात. वस्ताद सांगतो, "पाणी पी." पोरगा तांब्याभर पाणी पितो आणि थोड्या वेळानं पुन्हा कळवळतो.

भट्टीपुढे तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. त्याबरोबर साधारण दोन ते चार ग्रॅम मीठही जातं. वर नुसतंच पाणी भरत राहिलं की रक्तातलं सोडियम आणखी विरळ होतं. इंग्लंडमधल्या कोळसा खाणकामगारांचे गोळे पाण्यात मीठ घालून दिल्यावर थांबतात, हे संशोधक नेव्हिल मॉस यांनी 1923 मध्येच मांडलं होतं. अर्थात प्रत्येक गोळा मिठाअभावीच येतो असं नाही. तासन्‌तास उभं राहून थकलेला स्नायूही आखडतो. म्हणून मिठाबरोबर विश्रांतीही हवीच.

उन्हाळा सरला की आपण हा विषय सोडून देतो. पण मुळशी-मावळात गिऱ्हाइकांची झुंबड पावसाळ्यात उडते. हवा दमट असते, घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. अंग निवत नाही, मीठ मात्र जातच राहतं. त्यात झड येते म्हणून खिडक्या बंद आणि एक्झॉस्टची जाळी तेलानं बुजलेली.

उपाय आपल्याच किचनमध्ये आहे. लिटरभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, सहा सपाट चमचे साखर आणि लिंबू. नाहीतर तेवढंच मीठ घातलेलं पातळ ताक. भांडं भट्टीवाल्याच्या हाताशी ठेवा, कारण ऑर्डरी लागल्या की कुणी चार पावलंही हलत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर द्या. कोल्ड्रिंकनं हे काम होत नाही. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. नव्या पोराला पहिल्याच शनिवारी पूर्ण वेळ तंदूरवर लावू नका. उष्णता अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

आणखी एक गोष्ट आपण उघड बोलत नाही. लघवीला जायची सोय नाही, गिऱ्हाइकांचं स्वच्छतागृह वापरायला मनाई आहे, म्हणून कित्येक कामगार पाणी पिणंच टाळतात. ही मनाई मालकांनी आजच उठवावी. ती ठेवून ताकाचं भांडं भरण्यात काही अर्थ नाही.

गोळा आलेल्या माणसाला बसवा, स्नायू हळूहळू ताणून द्या, खारं सरबत घोटघोट पाजा आणि त्या रात्री पुन्हा भट्टीपुढे उभं करू नका. तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली तर उष्माघात समजा. तोंडात काही घालू नका. भट्टीपासून दूर गार जागी न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा.