एका टिंबाखालच्या स्वल्पविरामासाठी

आमचे चिरंजीव हल्ली संगणकाची भाषा शिकताहेत. परवा रात्री अकरा वाजता पाहतो तर स्वारी डोक्याला हात लावून बसलेली.

"काय रे, कोण गेलं?"

"बाबा, सेमीकोलन गेला!"

तक्रार होती चौदाव्या ओळीबद्दल. तासाभराने तो सेमीकोलन तेराव्या ओळीच्या शेवटी नसलेला सापडला!

त्याच पडद्यावर मला दिसलं: शिल्लक = शिल्लक + ५००. आमच्या गुरुजींनी या समीकरणाला छडीच दिली असती. चिरंजीव म्हणाले, "इथे हे चिन्ह म्हणजे 'बरोबर' नव्हे, 'ठेव'. 'बरोबर आहे का?' विचारायचं तर तेच दोनदा द्यायचं." चुकून एकदाच दिलं तर? १९७२च्या सुमारास जन्मलेल्या 'सी' भाषेच्या नियमांत तेही बसतं! म्हणजे शिल्लक शून्य आहे का विचारायला गेलो आणि खातंच शून्य करून आलो.

जाणकार म्हणतात, "सवय होते हो." सवय तर ढेकणांचीही होते! चेकवर रक्कम अंकी आणि अक्षरी का लिहितात? दोन्हींत फरक पडला तर अक्षरी खरी, असं १८८१चा कायदा सांगतो. त्या कायदेवाल्यांना माणूस ठाऊक होता. १९५९ साली आकाराला आलेल्या 'कोबोल'लाही होता. तीत सरळ लिहितात, 'ॲड ५०० टू बॅलन्स'. लांबण लावते म्हणून लोक तिला हसले. पण वाचता तर येते! अर्थात, इंग्रजी येणाऱ्याला.

आमच्या वाशीमला हा प्रश्न नवा नाही. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट इथलाच, चौथ्या शतकातला. त्यात घराण्याची थोरवी संस्कृतात आणि दानाचा हुकूम प्राकृतात. मी याचा अर्थ असा लावतो: थोरवी कळली नाही तरी चालेल, हुकूम कळला पाहिजे!

२००८ साली आलेल्या 'पायथॉन ३'मध्ये नावं देवनागरीत देता येतात. पण 'इफ', 'एल्स' इंग्रजीच, आणि चुकलं की बोलणीही इंग्रजीतच. मराठी शाळेतल्या पोराने आधी चूक शोधायची की शब्दकोश? हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, निरोप कळला नाही म्हणून किती पोरं उठून जात असतील! "बाळा, तेराव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला," एवढं मराठीत सांगायला यंत्राचं काय जातं?

हे तावातावाने बोलताना मला आमचा काउंटर आठवला. स्लिप परत करताना मी वीस वर्षं एकच शब्द लिहीत आलो: 'अपूर्ण'. दुसऱ्या दिवसापासून काय राहिलं तेही लिहू लागलो. मी सुधारलो, मग यंत्राला काय धाड भरली आहे?