खिडकीपलीकडचा माणूस

बँकेत, टपाल कचेरीत किंवा वीज मंडळाच्या कार्यालयात गेलेला आपल्याकडचा माणूस पूर्वी 'खिडकी'वर जात असे. पैसे भरण्याची खिडकी, काढण्याची खिडकी, चौकशीची खिडकी. या शब्दातच एक गोष्ट गृहीत होती : खिडकीपलीकडे कुणीतरी बसलेले आहे. तो माणूस चिडका असेल, चहाला उठून गेलेला असेल, 'उद्या या' म्हणणारा असेल; पण असेल. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही खिडकी मोबाइलमध्ये आली. रांगा कमी झाल्या, हे फार चांगले झाले. मात्र रांगेबरोबर पलीकडचा माणूसही गेला, आणि त्याची जागा कुणी घ्यायची, याचा विचार आपण अजून धडपणे केलेला नाही.

आमच्या देवपुरात, पांझरेच्या या काठावर, संगणक शिकलेली मुले आता गल्लोगल्ली आहेत. २०२०च्या टाळेबंदीत पुण्याहून परतलेल्यांपैकी काहींनी घरूनच काम करायचे ठरवले. शेजारचा असाच एक तरुण संकेतस्थळे तयार करतो. संध्याकाळी ओट्यावर त्याच्याशी गप्पा होतात. त्याने एकदा सांगितलेली गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तो म्हणाला, "काका, मी अर्जातली एक चौकट बनवतो. तिचा रंग दुसरा ठरवतो, मजकूर तिसरा लिहितो, माहिती साठवण्याचे काम चौथ्याकडे. तो अर्ज भरणारा माणूस आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नसतो. अर्ज अर्धवट टाकून कुणी उठून गेला, तर आम्हाला तो फक्त एक आकडा दिसतो."

हे ऐकताना मला माझे बँकेतले दिवस आठवले. जुन्याचे गोडवे गाण्यासाठी नव्हे. लेजरची ती जाडजूड पुस्तके, दहा पैशांचा फरक शोधत रात्री आठपर्यंत बसणे, याला गोड म्हणणारा माणूस बँकेत कधी बसलेला नसावा. पण त्या पद्धतीत एक शिस्त होती. प्रत्येक व्हाउचरवर नोंद करणाऱ्याची आणि ती तपासणाऱ्याची, अशा दोन आद्याक्षऱ्या असत. खातेदार तक्रार घेऊन आला, की पान काढायचे, आद्याक्षरी पाहायची आणि त्या टेबलाकडे जायचे. चूक कुणाची ते पाच मिनिटांत कळे. 'सर्व्हर डाऊन आहे' या आजच्या वाक्याखाली मात्र कुणाचीच आद्याक्षरी नसते. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून सांगतो : सगळ्यांना छळणारे आणि कुणालाच न दिसणारे असे पात्र मी लिहिले असते, तर प्रकाशकाने ते परत पाठवले असते.

बँकांच्या यांत्रिकीकरणाबाबत रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला. त्यानंतर शाखांमध्ये यंत्रे येऊ लागली, आणि १९९३ साली कर्मचारी संघटनांशी संगणकीकरणाचा करार झाला. त्या काळात आमच्या संघटनांच्या सभांमध्ये एकच भीती बोलली जाई : संगणक आमचे काम खाईल. प्रत्यक्षात बरेचसे काम नुसते खिडकीच्या अलीकडे सरकले. पूर्वी खातेक्रमांक कारकून तपासत असे. आता तो ग्राहक स्वतः टाकतो, आयएफएससी शोधतो, ओटीपी वाचतो, पावती जपून ठेवतो. कारकुनाचे अर्धे काम आपण सगळेजण बिनपगारी करतो आहोत. तरुणांना ते जमते, म्हणून ते सोयीचे वाटते. सत्तरीतल्या बाईला जमत नाही, तेव्हा 'तुम्हीच चुकीचे भरले' असे तिला सांगितले जाते. कामाबरोबर चुकीची जबाबदारीसुद्धा अलीकडे सरकली, ती अशी.

या बाबतीत खानदेशाला मागासलेला म्हणण्याची सोय नाही. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. १९९८पर्यंत हा भाग आपल्याच धुळे जिल्ह्यात होता. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तिथे आले होते. म्हणजे सगळ्या देशाच्या आधी आमच्या आदिवासी आयाबहिणींनी यंत्रावर बोटे ठेवली. पण आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेल्या हाताच्या रेषा झिजतात, आणि पैसे काढताना यंत्र त्या ओळखत नाही. "मशीन मना अंगठा लेत नही, भाऊ," असे एखादी म्हातारी म्हणते, तेव्हा ती तक्रार कुणापुढे करते आहे? समोरचा मुलगा दुकान चालवणारा. त्याच्या हातात पुन्हा प्रयत्न करण्यापलीकडे काही नसते.

यंत्राची मर्यादा एक वेळ समजू शकते. पण अर्ज कसा असावा, हे यंत्र ठरवत नाही, माणसे ठरवतात. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ साली सुरू झाली. पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यासाठी ई-केवायसी आवश्यक केली गेली. त्या अर्जात स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितलेला होता. आता जिचा नवरा वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, तिने काय भरायचे? अर्जात तिच्यासाठी जागाच नव्हती. विधवा, घटस्फोटिता या योजनेत पहिल्यापासून पात्र होत्या. तरीही चौकट आखताना त्या कुणाच्या डोळ्यांपुढे आल्या नाहीत. ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये शासनाने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा महिलांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत, असा मार्ग काढला.

हा शेवट लक्षात घेण्यासारखा आहे. एवढ्या मोठ्या यंत्रणेची गाडी जिथे अडली, तिथे ती बाहेर काढायला गावातली अंगणवाडी सेविकाच आठवली. तिला गाव ओळखते, ती गावाला ओळखते, आणि कोणाच्या घरी कोण उरले आहे, हे तिला विचारावे लागत नाही.

पांझरेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. फड पद्धत आपल्याकडे काही शतके चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि त्याखाली पिकांप्रमाणे पाडलेले फड. बंधारा हे त्या काळचे उत्तम तंत्रज्ञान होते. पण पाणी नुसते बंधाऱ्यावर सोडून दिलेले नव्हते. ते वाटायला पाटकरी होता, पिकाची राखण करायला जागल्या होता, आणि वर गावचे पंच. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचले नाही, तर कुणाच्या दारात उभे राहायचे, हे शेतकऱ्याला ठाऊक असे. आज आपण बंधारे धडाक्याने बांधतो आहोत, पण पाटकरी नेमायला विसरतो आहोत.

आणि असा पाटकरी नेमता येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने तेच केले आहे. अधिसूचित सेवेसाठी ठरावीक मुदत, ती देण्यास जबाबदार असा पदनिर्देशित अधिकारी, त्याच्यावर पहिले अपील, दुसरे अपील, शेवटी आयोग. कायद्याने आद्याक्षरी मान्य केली आहे. ती पडद्यावर दिसत नाही, एवढेच. प्रत्येक ऑनलाइन अर्जाच्या तळाशी तीन ओळी असाव्यात : हे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, ते किती दिवसांत होईल, आणि अर्जाच्या चौकटीत न बसणाऱ्याने प्रत्यक्ष कुठे यावे. खाजगी बँकांनी आणि कंपन्यांनीही हे करावे. त्यासाठी फार मोठा खर्च नाही. तीन ओळी लिहायला लागतो त्यापेक्षा, त्या लिहायच्या असे ठरवायलाच जास्त धीर लागतो.

संगणकावर काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही एक सांगणे आहे. नव्या कारकुनाला पूर्वी आधी खिडकीवर बसवत, मग मागच्या टेबलावर. बोलण्याआधी माणसाची अडचण ओळखायची ही शाळा होती. तुम्हाला थेट मागच्या टेबलावर बसवले आहे, यात तुमचा दोष नाही. पण सुट्टीच्या एखाद्या दिवशी जवळच्या सेवा केंद्रात तासभर उभे राहा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेले निवृत्त लोक पाहा. कोणत्या चौकटीपाशी बोट थांबते, कोणता शब्द वाचून चेहरा गोंधळतो, ते टिपून ठेवा. २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तलाठ्याला न शोधता मिळू लागला, ही तुमच्याच व्यवसायाची करामत आहे. ज्यांनी ते शक्य केले, त्यांना विधवेसाठी अर्जात एक चौकट वाढवणे अवघड नाही. फक्त ती बाई आहे, हे आधी कुणीतरी त्यांना सांगायला हवे. ते काम तुमचे नि आमचे, दोघांचे आहे.