जेद्दाची वेळ माहीत होती, शेजारची शाळा नाही

गेल्या वर्षी माझ्या गावातल्या उर्दू शाळेच्या शिक्षकांनी मला बोलावलं. विषय होता 'मुलांमधली जागतिक क्षमता'. मी सॉफ्टवेअरमध्ये, रोज जर्मनीतल्या टीमशी बोलणारा. म्हणून मला यातलं कळत असणार, असा त्यांचा समज. माझाही तोच होता. इंग्रजी, कोडिंग, इंटरव्ह्यू अशा स्लाइड घेऊन मी गेलो.

एका मॅडमनी विचारलं, "तुम्ही इथं शिकत होता, तेव्हा कंपाउंडपलीकडच्या मराठी शाळेत कधी गेला होता का?"

दहा वर्षांत एकदाही नाही. चाचा जेद्दाला होते, त्यामुळे तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, हे मला दुसरीतच माहीत होतं. पण भिंतीपलीकडच्या एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं. पुढे हॉस्टेलवर हिंदू रूममेट मिळाला, तेव्हा कळलं की आमचे एकमेकांबद्दलचे बहुतेक समज ऐकीव होते.

'जागतिक' म्हटलं की आपल्याला इंग्रजी माध्यम आणि परदेशातली नोकरी आठवते. पण 2018 च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत जागतिक क्षमता तपासली गेली, तेव्हा तिचे चार भाग मानले होते : स्थानिक आणि जागतिक प्रश्न तपासून पाहणं, दुसऱ्याचा दृष्टिकोन समजून घेणं, वेगळ्या लोकांशी मोकळेपणानं बोलणं आणि सर्वांच्या हितासाठी काही करणं. भारत त्या चाचणीत नव्हता. मात्र 2020 च्या आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचा उल्लेख आहे.

हे फक्त महागड्या शाळांचं काम नाही. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. त्यांच्या उपक्रमातून भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तणाव असलेल्या देशांतली मुलं एकमेकांशी ऑनलाइन बोलली.

त्या दिवशी माझ्या स्लाइड बंद झाल्या आणि शिक्षकच बोलू लागले. एक सर म्हणाले, अर्ध्या वर्गाचे अब्बा किंवा मामू आखातात आहेत. मुलांनी त्यांना फोनवर विचारावं : तुमच्या खोलीत कोणकोण राहतं? नेपाळी, केरळी, फिलिपिनो? त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलता? भूगोलाचा याहून जिवंत धडा कुठला? दुसऱ्यांनी सुचवलं, एकच बातमी 'इन्किलाब'मध्ये आणि मराठी दैनिकात वाचायची आणि कुणी काय सांगितलं, काय गाळलं, ते फळ्यावर लिहायचं. मॅडमचं म्हणणं साधं होतं : महिन्यातून एक तास दोन्ही शाळांचा एकत्र घ्या.

यावर एका पालकांनी विचारलं, "समजून घ्यायचं ते नेहमी आपणच का? आम्हाला कोण समजून घेतं?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. घर भाड्यानं मागताना आडनाव सांगितल्यावर समोरचा आवाज कसा बदलतो, हे मी अनुभवलंय. पण ज्यानं आपल्याला कधी जवळून पाहिलंच नाही, त्याच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा किती ठेवणार? आणि प्रामाणिकपणे सांगा, आपल्याच वस्तीतल्या दुसऱ्या फिरक्याबद्दल, बिरादरीबद्दल, शिकू पाहणाऱ्या मुलीबद्दल आपण तरी किती समजूतदार आहोत? हा धडा आपल्यालाही हवा आहे.

नोकरीच्या दृष्टीनंही तो लागतो. सुरुवातीच्या काळात माझं अडलं ते इंग्रजीमुळे नाही. मीटिंगमध्ये 'मला हे पटत नाही' असं शांतपणे म्हणण्याची सवयच मला नव्हती. शाळेत ते कुणी करूच दिलं नव्हतं.

जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या उर्दू शाळांतही शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. तुमचे भाऊ, भाभी, आपा त्यात असतील. पुढच्या बैठकीत त्यांना एवढंच मांडायला सांगा : महिन्यातून एक तास, शेजारच्या शाळेबरोबर. त्याला ना निधी लागतो, ना स्मार्ट बोर्ड. कंपाउंडचं फाटक तेवढं उघडावं लागतं.