वाजलं का गं?



संक्रांत जवळ आली की आमच्या जुळे सोलापुरात संध्याकाळी गल्लीगल्लीत एकच वास सुटतो, गूळ उकळल्याचा. तिकडे गावात होम मैदानावर सिद्धेश्वराचा गड्डा भरलेला असतो, पाळणे फिरत असतात, पिपाण्या वाजत असतात आणि इकडे घरोघरी कढई चढलेली असते. तीळ तर सगळीकडेच असतात, पण आपण सोलापूरकर! आपल्याला शेंगदाण्याशिवाय सण गोड लागत नाही आणि शेंगाचटणीशिवाय जेवण तिखट लागत नाही. म्हणून आज शेंगदाण्याची चिक्की. आमच्या आजीच्या भाषेत गुडदाणी.

पण कृती सांगायच्या आधी माझी एक चोरी सांगते. इतकी वर्षं वर्गातल्या मुलांनाही सांगितली नव्हती.

1997 साल. मी तिसरीत होते. वडील ज्या मिलमध्ये कामाला होते ती बंद पडली होती. घरात पगार येत नव्हता. आईने मग चिक्की करायला घेतली. रोज एक किलो दाणे, त्या हिशेबात गूळ. वड्या पाडून शाळेजवळच्या दुकानात काचेच्या बरणीत ठेवायला द्यायची. आठ आण्याला एक वडी. संध्याकाळी जे पैसे मिळायचे त्यातून दुसऱ्या दिवशीचे दाणे आणि घरची भाजी. म्हणजे एक दिवसाचा घाणा बिघडला की दुसऱ्या दिवशीचं काय, हा प्रश्नच.

एके दिवशी पाक कढईत रटरटत होता आणि बाहेर ओरडा झाला, "नळाला पाणी आलं!" सोलापुरात पाणी आलं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आई घागर घेऊन उठली. शेजारच्या काकूंना दारात बसवलं, मला वाटीभर गार पाणी आणि चमचा दिला आणि म्हणाली, "कढईला हात लावू नको. नुसता चमच्याने थेंब घे, पाण्यात टाक, मग मोडून बघ. कट् वाजलं की मला हाक मार. वाजल्याशिवाय नाही."

मी थेंब टाकला. तो पाण्यात पसरला. परत टाकला. आता त्याची मऊ गोळी झाली. बाहेर मैत्रिणी लगोरी मांडत होत्या. तेवढ्यात नळावरून आईचा आवाज आला, "वाजलं का गं?"

मी म्हटलं, "वाजलं!"

आई धावत आली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तिने कढई उतरवली, दाणे ओतले, पाटावर लाटून वड्या पाडल्या. मी लगोरीला पळाले. तासाभराने घरी आले तर आई परातीसमोर गप्प बसली होती. वड्या घट्ट झाल्याच नव्हत्या. उचलली की वडी मान टाकायची! आईने एक वडी हातात घेतली, वाकवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "वाजलं होतं का?"

मी मान हलवली. नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. तिने वड्या परत कढईत टाकून मंद आचेवर जराशा मऊ केल्या, हाताला तूप लावलं आणि चटके सोसत त्यांचे लाडू वळले. दुकानदाराने लाडू ठेवून घेतले, पण चिक्कीच्या भावाने नाही. दुसऱ्या दिवशी दाणे अर्धा किलोच आले.

आता त्या "कट्"मध्ये एवढं काय आहे, ते बघू. नुसतं पाणी 100 अंश सेल्सियसला उकळतं आणि तिथेच थांबतं. पाकाचं तसं नाही. उकळताना त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, पाक दाट होतो आणि दाट झाला की त्याला उकळायला जास्त उष्णता लागते. साखरेचा पाक साधारण 115 अंशांच्या आसपास आला की गार पाण्यात त्याची मऊ गोळी होते. हा लाडवाचा पाक. 150 अंशांच्या आसपास गेला की त्यात शंभरात जेमतेम एक भाग पाणी उरतं. तेव्हा थेंब गार पाण्यात पडला की कडक होतो आणि मोडताना वाजतो. गुळाचंही असंच, फक्त गूळ लवकर करपतो, म्हणून आच मंद हवी. माझ्या हातून आईचा पाक 150 ऐवजी बिचारा 115च्या घरात उतरला होता. म्हणजे मी लाडवाच्या पाकाला चिक्की म्हटलं. लाडू नीट वळले गेले ते त्यामुळेच.

आणखी एक गंमत. हा कडक पाक झटकन गार होतो, तेव्हा साखरेच्या कणांना ओळीने रांगेत बसायला वेळच मिळत नाही. जसे असतील तसे गोठतात. खिडकीची काच अशीच बनते. म्हणजे चिक्की ही एक प्रकारची खायची काच! म्हणून तर ती चकाकते आणि तुटते.

आता कृती. एक वाटी शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, गार झाल्यावर चोळून साली पाखडून टाका. दाण्याचे दोन भाग झाले तरी चालतील, उलट वडी चांगली बसते. पाऊण वाटी चिरलेला चिक्कीचा गूळ घ्या. दुकानात "चिक्कीचा" असं सांगूनच मागा, साध्या गुळाची वडी हवी तशी कडक होत नाही. पोळपाट, लाटणं आणि सुरीला आधीच तूप लावून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप आणि गूळ घालून मंद आचेवर ढवळत राहा. गूळ विरघळेल, मग फेस येईल, मग रंग गडद होईल. इथून दर अर्ध्या मिनिटाला थेंब पाण्यात. कट् वाजलं की गॅस बंद. चिमूटभर खायचा सोडा घातला तर पाक फसफसतो, त्यात बारीक बुडबुडे अडकतात आणि चिक्की खुसखुशीत होते. आमची आई घालत नसे. लगेच दाणे ओता, दोनदा ढवळा, पोळपाटावर टाका, लाटा, गरम असतानाच सुरीने रेघा मारा. हे सगळं मिनिटा-दोन मिनिटांत. गार झाल्यावर रेघांवर वड्या मोडतात.

दाणे भाजणं, साली काढणं, गूळ चिरणं, थेंबाचा आवाज ऐकणं हे तुमचं काम. कढई उतरवणं आणि ओतणं हे मोठ्यांचं, यात वाद नको. पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो आणि तो अंगावर पडला की ओघळून जात नाही, चिकटून बसतो. कुणाला भाजलंच तर तो भाग वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, चिकटलेला पाक ओढून काढू नका, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा. आणि वर्गात वाटण्याआधी विचारून घ्या. काही मुलांना शेंगदाणा अजिबात सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. अशा मित्राला गंमत म्हणूनही देऊ नका.

चिक्की गार झाली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आपली सोलापूरची हवा जानेवारीत कोरडी असते म्हणून ती टिकते. पावसाळ्यात मात्र हवेतलं पाणी ओढून घेते आणि माझ्या त्या वड्यांसारखी मान टाकते.

राहिली कढई. पाक तळाला दगडासारखा चिकटलेला असतो, तो खरवडत बसू नका. कपभर पाणी घालून उकळी आणा, सगळा सुटून येतो. आमची आई ते गोड पाणी चहाला वापरायची. लाडू वळले त्या संध्याकाळीही तिने त्याच पाण्याचा चहा केला आणि एक कप माझ्यापुढे सरकवला.