खो कुणाला द्यायचा?

गेल्या महिन्यात बारामतीत मुलींच्या एका स्पर्धेचं बक्षीस वाटप होतं. पिंपळीहून मी बारा मुली घेऊन गेले होते. आमचा नंबर आला नव्हता, तरी भाषण ऐकून निघू म्हणून थांबलो. पाहुणे क्रीडा क्षेत्रातले, बोलायला फर्डे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलींच्या खेळात पैसा यायचा असेल तर एक चेहरा लागतो. लोक संघ बघायला येत नाहीत, माणूस बघायला येतात. अमेरिकेत केटलिन क्लार्क नावाच्या एका मुलीनं बास्केटबॉलची अख्खी लीग एकटीच्या खांद्यावर उचलली. म्हणून तुमच्यातली एक हेरा. सराव तिच्याभोवती, पैसा तिच्यावर, कर्णधारपद तिला, शेवटचा चेंडू तिच्या हातात. बाकीच्या तिच्या मागून तयार होतील. ‘सगळ्यांची जबाबदारी’ हे हरणाऱ्यांनी शोधलेलं समाधान आहे.

टाळ्या पडल्या. परतीच्या जीपमध्ये नववीतली एक मुलगी मला म्हणाली, “बाई, मग आम्ही बाकीच्यांनी कशाला यायचं?”

त्या प्रश्नासाठी हे लिहिते आहे. ज्या माणसानं एका वाक्यात बारातल्या अकराजणींना प्रेक्षकांत बसवलं, त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुन्हा मैदानावर शिट्टी वाजवता येणार नाही.

क्लार्कबद्दल पाहुण्यांनी जे सांगितलं ते खरं आहे, फक्त अर्धं आहे. २०२३ साली इंडियाना फीव्हर हा संघ ४० पैकी १३ सामने जिंकला होता. २०२४ साली क्लार्क आली आणि तोच संघ २० जिंकून, २०१६ नंतर पहिल्यांदाच, बाद फेरीत पोचला. त्याआधी कॉलेजच्या अंतिम सामन्यात ती खेळली तेव्हा तो सामना टीव्हीवर सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. त्याच वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला १ कोटी ४८ लाख मिळाले. एवढ्यावर पाहुणे थांबले. त्या अंतिम सामन्यात झालं काय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

७ एप्रिल २०२४. एका बाजूला क्लार्कचा आयोवा, दुसऱ्या बाजूला साउथ कॅरोलायना. पहिल्या सत्रातच क्लार्कनं १८ गुण केले, एकूण ३०. आणि तिचा संघ ८७–७५ असा हरला. का हरला ते राखीव खेळाडूंच्या रकान्यात दिसतं. साउथ कॅरोलायनाच्या राखीव मुलींनी मिळून ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव मुलींनी शून्य. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा वही काढून लिहून ठेवला. साउथ कॅरोलायनाच्या आदल्या वर्षीच्या सुरुवातीच्या पाचही मुली संघ सोडून गेलेल्या होत्या. नव्या पाचजणी उभ्या राहिल्या, मागे बाकावर आणखी तयार होत्या, आणि तो संघ त्या मोसमात ३८ सामने खेळून एकही हरला नाही. अंतिम सामन्यात त्यांच्यातर्फे सर्वाधिक गुण, १९, केले ते बाकावरून उठून आलेल्या टेसा जॉन्सननं. ‘बाकीच्या मागून तयार होतील’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, ही मुलगी कुणाच्या मागून तयार झाली होती?

आता २०२५. क्लार्कला दुखापतीमागून दुखापत झाली, ती जेमतेम १३ सामने खेळली, जुलैच्या मध्यानंतर मैदानात उतरलीच नाही. ऑगस्टमध्ये आणखी दोन गार्ड एकाच सामन्यात जायबंदी झाल्या. पाहुण्यांच्या हिशेबानं त्या संघानं गाशा गुंडाळायला हवा होता. त्यांनी ४४ पैकी २४ सामने जिंकले, म्हणजे क्लार्क पूर्ण मोसम खेळली त्या वर्षापेक्षा जास्त. क्लार्क बाहेर असताना लीगमधला कमिशनर्स कपही जिंकला. पुढे उपांत्य फेरीत लास वेगास एसेसला, ज्यांनी नंतर विजेतेपद घेतलं, पाचव्या सामन्यात जादा वेळेपर्यंत झुंजवलं. केल्सी मिचेलनं गुणांचा भार घेतला, अलिया बोस्टननं बास्केटखालची जागा धरली, मोसमाच्या मध्यात बोलावलेल्या मुलींनी मिनिटं भरून काढली.

आणि क्लार्कचं स्वतःचं कसब कशात आहे? पहिल्याच मोसमात तिनं ३३७ असिस्ट दिले, म्हणजे ३३७ वेळा तिच्या पासवर दुसरीनं बास्केट केली. लीगच्या इतिहासातला एका मोसमाचा तो तेव्हाचा विक्रम. जिचं नाव घेऊन तुम्ही सगळे चेंडू एकीला द्यायला सांगता, तिनं चेंडू सोडण्याचा विक्रम केला होता!

पण या सगळ्याहून माझा मोठा आक्षेप वेगळा आहे आणि तो अमेरिकेत जाऊन शोधावा लागत नाही. एकीभोवती संघ बांधला की सगळ्यात आधी ती एकच मोडते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्या हातून घडलेलं आहे.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे खो-खोत एक मुलगी होती. पळतीला अशी की दोन खांबांच्या मध्ये तिला गाठणं मोठ्या मुलींनाही जमत नसे. एकेरी साखळीत ती लागली की आक्रमण करणाऱ्यांचे श्वास संपायचे, हिची हुलकावणी संपायची नाही. माझी सगळी आखणी तिच्यावर. पहिल्या तुकडीत ती, वेळ ती खाणार, बाकीच्या आठजणींनी उरलेली मिनिटं कशीतरी काढायची. त्या आठजणींना मी काय शिकवलं, असं आज कुणी विचारलं तर माझ्याजवळ धड उत्तर नाही. विभागीय सामन्याच्या दोन दिवस आधी तिचा घोटा सुजला. तिनं मला सांगितलं नाही. पट्टी बांधून मोजे वर ओढले आणि उतरली. पहिल्याच मिनिटात खांबाजवळ वळताना बसली ती उठलीच नाही. पुढच्या दोन तुकड्या मैदानात गेल्या त्या मान खाली घालून, जणू त्यांनीच काही गुन्हा केला होता. आम्ही डावानं हरलो. पण हरल्याचं मला दुःख नाही. ती मुलगी नंतर मैदानावर आली नाही. लग्न होऊन इंदापूरकडे गेली. काही वर्षांनी एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली, “बाई, पाय दुखतोय हे सांगायचं होतं. पण माझ्या जागी कोण पळणार होतं?”

चौदा वर्षांच्या पोरीनं हा विचार करायचा? तिच्या जागी पळायला कुणी नव्हतं, कारण मी कुणाला तयार केलं नव्हतं. त्या घोट्याचं पाप सगळं माझं आहे. आज व्यासपीठावरून कुणी तेच धोरण म्हणून सांगतो तेव्हा मला राग येतो तो त्यामुळे. तारा जपायचा म्हणता आणि तिला दुखलं तर दुखलं म्हणण्याची सोयही ठेवत नाही. तिला विश्रांती हवी तर तिच्या मागे पाचजणी उभ्या हव्यात. तिचा दिवस खराब गेला तर सामना तरी वाचायला हवा, म्हणजे रात्री तिला झोप लागेल. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे ताऱ्याचं काही काढून घेणं नव्हे, त्या पोरीला माणूस म्हणून जगायला दिलेली ती जागा आहे.

सांगलीच्या स्मृती मानधनाकडे बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात बंगळुरूनं तिच्यावर ३ कोटी ४० लाख लावले, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. कर्णधारही तीच. पहिले पाच सामने संघ हरला, आठपैकी दोनच जिंकला. आठ डावांत तिच्या १४९ धावा झाल्या आणि देशभर सगळे तिच्या किमतीला धावांनी भागायला बसले. पुढच्या वर्षी तीच स्मृती, तीच कर्णधार. मुंबईविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात शेवटच्या षटकात १२ धावा वाचवायच्या होत्या. चेंडू दिला तो आशा शोभनाला, जी तोवर भारताकडून एकही सामना खेळलेली नव्हती. तिनं सामना वाचवला. अंतिम सामन्यात दिल्ली बिनबाद ६४ वर असताना सोफी मोलिन्यूनं एका षटकात तीन बळी घेतले, श्रेयांका पाटीलनं १२ धावांत चार, आणि दिल्ली ११३ वर संपली. त्या मोसमात सर्वाधिक धावा संघातल्याच एलिस पेरीच्या, सर्वाधिक बळी श्रेयांकाचे, करंडक स्मृतीच्या हातात. तिच्या ३०० धावाही त्याच मोसमातल्या, दुपटीहून जास्त. ओझं वाटलं गेलं तेव्हा तिची बॅट हलकी झाली, असं मी मानते.

नवी मुंबईतला २ नोव्हेंबर २०२५ चा विश्वचषकाचा अंतिम सामना तर सगळ्यांनी पाहिला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टनं उपांत्य सामन्यात १६९ केल्या, अंतिम सामन्यात १०१, आणि तिचा संघ ५२ धावांनी हरला. आपल्याकडे स्पर्धेत ३०८ धावा केलेली प्रतिका रावल जायबंदी झाली होती, तिच्या जागी आलेल्या शेफालीनं ८७ धावा केल्या आणि दोन बळी घेतले. दीप्तीनं ५८ धावा केल्या आणि पाचजणींना बाद केलं. यातली कुठली एक होती, सांगा.

राहिलेले मुद्दे. लोक माणूस बघायला येतात: येतात, पण दुसऱ्यांदा येतात ते चुरशीचा खेळ बघायला. जाहिरातदाराला एक चेहरा लागतो: त्याला चेहरा द्या, सराव त्याच्या हातात देऊ नका.

इथे दोन जुने वाद आठवतात, कारण त्यांचं आणि या भाषणाचं मूळ एकच आहे. सगळ्यात चांगली खेळते तीच कर्णधार, असा आमच्याकडे एके काळी अलिखित नियम होता. मी विरोध केला तेव्हा मला सांगण्यात आलं की नाहीतर ती मुलगी नाराज होईल. मी म्हटलं होतं, तिला विचारून तर बघा. विचारलं, तर ती म्हणाली, मला पळू द्या, बाकीचं दुसरीला द्या. दुसरा वाद बक्षिसांचा. विजेत्या संघाला एक ढाल आणि ‘उत्कृष्ट खेळाडू’ला त्याहून उंच करंडक, ही पद्धत कुणी काढली मला माहीत नाही. मी तीन वेळा लेखी विनंती केली की आक्रमणाचं, संरक्षणाचं, राखीव खेळाडूचं वेगळं बक्षीस ठेवा. तीनही वेळा खर्चाचं कारण आलं. करंडक मात्र दर वर्षी इंचभर वाढला.

मग माझं म्हणणं काय? ते फार नवं नाही, आपल्या मैदानात आधीच आखलेलं आहे. खो-खोत आक्रमणाला नऊजणी. आठ मधल्या पाटीवर बसलेल्या, एक पळणारी. पळणारी कितीही वेगवान असो, तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत सोडता येत नाही. पलीकडे गेलेला गडी लगेच हवा असेल तर बसलेलीला खो द्यावाच लागतो, आणि खो देताक्षणी स्वतः तिच्या जागी बसावं लागतं. कितीही मोठी खेळाडू असो, मिनिटभरात तीन-चार वेळा खाली बसते. बसलेली झोपेत असेल तर वेगाचा काही उपयोग नाही. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत आपल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला ७८–४० हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात उत्कृष्ट आक्रमकाचं बक्षीस अंशू कुमारीला आणि सामन्यातल्या उत्कृष्ट खेळाडूचं चैत्रा बी.ला मिळालं. कर्णधार एक, बक्षिसं दुसऱ्यांना, आणि कुणाचं काही कमी झालं नाही.

ताऱ्याला पैसा जास्त मिळावा, माझी हरकत नाही. स्मृतीला मिळाला तो योग्यच होता. पण सरावाची मिनिटं, चुका करायची मुभा आणि अवघड क्षण हे वाटूनच द्यायला हवेत. आमच्याकडे नीरा डावा कालवा आहे, इथल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. वरच्यानं दारं मोडून पाणी घेतलं की त्याचा ऊस उभा राहतो आणि टेलला इंदापूरकडचं रान वाळतं. म्हणून पाळी असते. पाळी मोडणाऱ्याला आपल्या गावात कुणी तारा म्हणत नाही.

एवढं मी सोमवारपासून करते आहे: सरावाच्या शेवटच्या दोन मिनिटांत, गुण बरोबरीत आहेत असं धरून, रोज वेगळी मुलगी पहिल्यांदा पळते. आमची सगळ्यात वेगवान मुलगी त्या वेळी पाटीवर बसते, हात जमिनीवर टेकून, खो येण्याची वाट बघत. काल पाळी जीपमध्ये प्रश्न विचारणारीची होती. ती दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिनं खो दिला तो बरोबर त्या वेगवान मुलीला, आणि गडी खांबावर बाद झाला.